मोडीचें वळण आणि धाराशिव प्रांतांतील जुने कागद

सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत महाराष्ट्र शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. मराठवाड्यांतील निजामी अमदानीच्या जुन्या दप्तरांत मराठा कुटुंबांच्या पूर्वजांची 'कुणबी' अशी नोंद कोठें आढळते तें शोधावें, हें तिचें काम. इतर जिल्ह्यांप्रमाणें धाराशिव जिल्ह्यांतहि वर्षानुवर्षें बांधून ठेवलेलीं दप्तरें सोडण्यांत आलीं. कागद होते, गांवें होतीं, नांवें होतीं. परंतु वाचणारे थोडे. कांहीं कागद उर्दूंत, कांहीं मोडींत. उर्दू जाणणारीं माणसें त्या प्रांतांत अजून आहेत. मोडी जाणणारे मात्र शोधून आणावे लागले. ज्या नोंदीवर एखाद्या मुलाचें शिक्षण, शिष्यवृत्ति आणि पुढें नोकरी अवलंबून, ती नोंद कधीं कधीं एका अक्षराएवढीच. कारण लिहिणारानें जातीचें नांव पुरें न करितां नुसतें 'कु' लिहून लेखणी पुढें चालविलेली. त्या एका अक्षराची उकार देणारी बारीक रेघ वाचावयाची कीं नाहीं, हा प्रश्न केवळ अक्षरशास्त्राचा राहत नाहीं.

आजोबांचें अक्षर नातवास वाचतां येऊं नये, असें मराठी मुलुखांत पूर्वीं सहसा घडलें नव्हतें. राज्यें बदललीं, दरबारची भाषा बदलली. पण गांवच्या कुलकर्ण्याच्या लेखणीचें वळण बापाकडून मुलाकडे जसेंच्या तसें जात असे. ही लिपि घडली कशी, ती कोणत्या कामास उतरे आणि कोणत्या कामास मुळींच उतरत नसे, हें ध्यानांत घेतल्यावांचून त्या कागदांचें वाचन करूं जाणें धोक्याचें आहे.

मोडी हेमाडपंतानें आणली असें घरोघर सांगत. हेमाडपंत म्हणजे हेमाद्रि. देवगिरीच्या महादेव व रामदेव ह्या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखनकार्याचा मुख्य. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. त्यानें ती लंकेहून आणली असेंहि कोणी म्हणत. लंकेची गोष्ट सोडून द्यावी हें बरें. इतिहासाचार्य राजवाडे यांनी निराळा तर्क लढविला. फारशीची जी जलद लिहिण्याची पद्धति तिला शिकस्ता म्हणतात, आणि शिकस्ता म्हणजे मोडलेली. तेव्हां 'मोडी' हें त्याच शब्दाचें मराठी रूप असावें असा त्यांचा आशय. तर्क नामी आहे. पण अक्षरें समोर ठेवून पाहिलीं कीं तो अर्धाच पटतो. नांव फारशीच्या अनुकरणानें पडलेलें असूं शकेल. अक्षरें मात्र नागरीचींच, धांवत्या हातानें वळवलेलीं. लिपि कोणी एका रात्रींत रचीत नसतो. ज्या कचेरींतून रोज ढिगानें कागद बाहेर पडतात तेथें कारकुनाचा हात आपोआप अक्षरांचे कोपरे घासून टाकतो, उभे दंड वांकवितो, आणि दोन अक्षरांमधली उचल वांचवितो. हेमाद्रीनें कांहीं केलें असेल तर ह्या चालू वळणाला दरबारी मान्यता दिली असेल. तेवढेंहि कमी नव्हे.

आतां ह्या वळणाची घडण पाहूं. बाळबोध लिहिणारा आधीं अक्षर काढतो आणि मग त्याच्या माथ्यावर रेघ देतो. मोडी लिहिणाराची रीत ह्याच्या उलट. तो कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आधीं सबंध ओळीची रेघ ओढून घेतो, आणि मग त्या रेघेला अक्षरें टांगीत जातो. काना वरून खालीं येत नाहीं. तो अक्षराच्या पायथ्यापासून निघून वर रेघेला जाऊन मिळतो, आणि तेथूनच पुढचें अक्षर उतरूं लागतें. त्यामुळें लेखणी फारशी उचलावी लागत नाहीं. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्हें नाहींत, ओळ संपली कीं शब्द मध्येंच तुटून पुढल्या ओळींत जातो. ऱ्हस्व आणि दीर्घ हा भेद जवळजवळ नाहींच. एकच इकार, एकच उकार. जोडाक्षरें शक्य तों टाळलेलीं. एकट्या 'र' चीं मात्र अनेक रूपें. मागचें पुढचें अक्षर जसें असेल तसा तो आपला आकार बदलतो. नवशिक्या वाचकाची पहिली ठेंच बहुधा ह्या 'र' पाशींच लागते.

हें सर्व वाचून कोणास वाटेल कीं ही आळशी माणसांची लिपि. वस्तुस्थिति तशी नाहीं. मोडी चांगली लिहिणें हें बाळबोध चांगलें लिहिण्याहून कठीण होतें. बाळबोधांत प्रत्येक अक्षर सुटें असल्यामुळें एक बिघडलें तरी दुसरें सांवरतां येतें. मोडींत ओळ एका दमांत जाते. हात थरथरला किंवा लेखणी मध्येंच कोरडी पडली तर सारी ओळ उघडी पडते. चांगल्या मोडीची खूण अशी कीं रेघ सरळ, तिच्याखालीं अक्षरांचीं पोटें सारख्या उंचीचीं, आणि कान्यांची चढण सर्वत्र एकाच कलाची. असा कागद दुरून पाहिला तर काळ्या दोऱ्याची बारीक विणकर केल्यासारखा दिसतो. त्याचें सौंदर्य एकेका अक्षरांत नाहीं, ओळींत आहे. आणि म्हणूनच मोडीचें एक सुटें अक्षर कापून घेऊन तें सुंदर कीं कुरूप असें विचारणें व्यर्थ आहे.

साहित्याचाहि ह्या वळणाशीं संबंध आहे. बोरूचा तिरपा कापलेला टोंक जाड रेघ आणि बारीक रेघ आपोआप देतो. लिहिणारानें दाब देण्याची गरज नसते. शाई काजळाची आणि डिंकाची. ती चकाकते, पण वाळावयास वेळ लागतो. म्हणून ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकीत. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद उलगडतांना ती वाळू अद्यापहि बोटांना लागते असें अभ्यासक सांगतात. कागद हातानें केलेला. मराठवाड्यास तो फार लांबून आणावा लागत नसे, कारण दौलताबादेजवळचें कागजीपुरा हें गांव ह्याच धंद्याचें. त्या कागदाला घोटून गुळगुळीत केलेलें असे. खरबरीत कागदावर धांवती लेखणी अडते आणि तंतु घेऊन येते. मजकूर लांबला तर एका तावाच्या तळाशीं दुसरा ताव चिकटवीत, आणि जोडावर मागील बाजूस पुष्कळदां लहानसा शिक्का उठवीत, म्हणजे मधला ताव काढून दुसरा घालण्याची सोय राहत नसे. मजकूर संपला तेथें 'मोर्तब सुद' असें लिहून शेवटचा शिक्का केला कीं त्याखालीं कोणास एक शब्दहि वाढवितां येत नसे. जी लिपि शब्दांत जागा सोडीत नाहीं ती कागदाच्या शेवटीं तरी कशी सोडील?

वळणांचीं घराणींहि होतीं. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या नांवाशीं चिटणिशी वळण जोडलेलें आहे. पेशवाईंत बिवलकरी वळण नांवाजलें. बाळाजी आवजींची एक कथा प्रसिद्ध आहे. महाराजांनी सांगितलेलें पत्र लिहावयास त्यांस सवड झाली नाहीं, आणि महाराजांनी वाचून दाखविण्यास सांगतांच त्यांनी कोरा कागद हातीं धरून सबंध पत्र अडखळल्याशिवाय म्हणून दाखविलें. कथा खरी असो वा नसो, तिच्यांतून चिटणिसाकडून कोणती अपेक्षा होती तें कळतें. त्याचें काम नुसतें अक्षर काढण्याचें नव्हतें. कोणास किती मान देऊन लिहावें, 'राजश्री' कोठें आणि 'राजमान्य राजेश्री' कोठें, मजकुराच्या वर किती जागा कोरी सोडावी, हें सर्व त्याच्या हातांत मुरलेलें असे.

ह्याचें शिक्षण पंतोजीच्या शाळेंत होई. मुलगा आधीं धूळपाटीवर अक्षरें गिरवी; मग पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी; आणि मग मोडी कागद वाचणें. छापील पुस्तक नव्हतें. घरोघरचीं जुनीं पत्रें आणि हिशेबाचे कागद हेंच वाचनाचें पुस्तक. मुलास एकाच हाताचें नव्हे तर दहा हातांचें अक्षर वाचण्याची संवय लहानपणींच लागे. हा त्या शिक्षणाचा मोठा गुण होता, आणि नंतरच्या शाळांनी छापील मोडी हातीं देऊन तोच घालविला.

परंतु मोडीला तिच्या मर्यादा ठाऊक होत्या, किंबहुना ती वापरणारांस होत्या. धर्मग्रंथ, स्तोत्रें, काव्याच्या पोथ्या बहुधा बाळबोधांत लिहीत. कारण उघड आहे. स्तोत्रांत ऱ्हस्वाचें दीर्घ झालें तर दोष लागतो. ओवी वा श्लोक म्हणणारास मात्रा दिसल्या पाहिजेत. आणि पोथी वाचणारा ती लिहिणारास ओळखत नसतो. समर्थ रामदासांच्या दासबोधांत एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यांत अक्षर कसें वाटोळें, सरळ, मोकळें आणि आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखें असावें ह्याची शिकवण आहे, आणि ती बाळबोध अक्षराची आहे. दगडावरहि हाच नियम. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळांत १८०३ मध्यें सरफोजी राजांनी भोसले कुळाचा मोठा मराठी लेख कोरविला तो नागरींत. आणि त्याच तंजावरच्या सरस्वती महालांत त्याच राजांच्या कारभाराचे कागद आहेत ते मोडींत. जें पिढ्यानपिढ्या अनोळखी माणसांनी वाचावयाचें तें बाळबोधांत, जें उद्यां सकाळीं ओळखीच्या माणसानें वाचून त्यावर हुकूम करावयाचा तें मोडींत, अशी ही वाटणी.

छापखाना आला तेव्हां ही वाटणी कोणी फारशी विचारांत घेतली नाहीं. श्रीरामपुरास विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडिताच्या साहाय्यानें १८०५ त मराठीचें व्याकरण छापलें तें नागरी खिळ्यांनी; पण १८१० चा कोश छापतांना मोडीचे खिळे पाडले. लोकव्यवहारांत मोडीच चालते, तेव्हां कोशहि मोडींतच हवा, असा तो सरळ हिशेब. खिळे नीट होते, मेहनत मोठी होती. पण शिशाच्या चौकोनांत कोंडलेली मोडी म्हणजे पाण्याबाहेर काढलेली मासोळी. धांवत्या हाताचें जें वळण, तें एकेक अक्षर सुटें करून ओतलें कीं धांवणें उरत नाहीं, नुसती अस्पष्टता उरते. छापायचेंच असेल तर नागरी अधिक स्पष्ट; मोडीचा गुण जो वेग, तो छापण्यांत कोणासच नको असतो. त्या मानानें शिळाछाप मोडीला मानवला, कारण त्यांत हातानें लिहिलेलीच ओळ दगडावरून कागदावर उतरते. मुंबई इलाख्यांतील शाळांचे मोडी कित्ते शिळाछापावरच निघाले, आणि ते आजहि वाचनाच्या अभ्यासास खिळ्यांच्या मोडीपेक्षां बरे.

धाराशिव प्रांतांत मोडी एका विशेष संसाराला लागली. हा मुलूख कधीं आदिलशाहीचा, कधीं निजामशाहीचा. नळदुर्गचा किल्ला आदिलशाहीचा. तेथील पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा, १६१३ चा. परांडा निजामशाहीचा, १६०० त अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरानें दुसऱ्या मुर्तजास गादीवर बसवून कांहीं काळ परांड्यासच राजधानी केली. दरबारची भाषा फारशी. पण पहिल्या इब्राहिम आदिलशहानें १५३५ च्या सुमारास वसुलाचे हिशेब फारशीऐवजीं देशी भाषेंत ठेवण्याचा हुकूम दिला, असें फिरिश्ता लिहितो. त्या हुकुमानें मोडी लिहिणाऱ्या कुळांना सरकारदरबारीं पाय रोंवतां आला. ह्या काळचे कित्येक कागद दुहेरी आहेत. वर उजवीकडून डावीकडे जाणारी फारशी, खालीं डावीकडून उजवीकडे जाणारी मोडी. दोन्हींचे हात जलद, दोन्हींच्या ओळी वळणदार, आणि दोन्हीहि परक्याला तितक्याच दुर्बोध. दोन कारकून एकाच सतरंजीवर पाठीला पाठ लावून बसावेत तसे ते दिसतात.

गांवच्या वतनाचा तंटा झाला म्हणजे गोत बसे आणि निवाड्याचा महजर होई. महजराचा मजकूर मोडींत. परंतु साक्षीदारांपैकीं पुष्कळांस लिहितां येत नसे. ते आपापल्या धंद्याची निशाणी काढीत. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. कुलकर्ण्याच्या बारीक वळणाच्या ओळींखालीं हे ठसठशीत आकार फार बोलके दिसतात. एक गोष्ट मात्र विसरूं नये. ज्यांनी निशाण्या केल्या त्यांस वरचा मजकूर वाचतां येत नव्हता. त्यांनी तो ऐकला आणि विश्वास ठेवला. मोडीच्या गौरवांत ही बाजू सहसा सांगत नाहींत. ती लिपि वेगवान होती, तशी ती मूठभर घराण्यांच्या हातांतलीहि होती. आणि कुलकर्ण्याच्या दप्तराची भीति गांवांत होती ती उगीच नव्हे.

निजामाच्या राज्यांत वरचे कागद फारशींत व १८८४ च्या सुमारापासून उर्दूंत निघूं लागले. मध्यंतरीं १८५३ च्या तहानें हा मुलूख सात वर्षें इंग्रजांकडे होता, आणि त्यांपैकीं पहिलीं कांहीं वर्षें कर्नल मेडोज टेलर नळदुर्गास राहून कारभार पाहत होते. १८६० त तो निजामास परत मिळाला. पुढें जिल्ह्याचें नांवहि नळदुर्गाचें जाऊन उस्मानाबाद झालें. पण वरच्या कचेरीची लिपि कोणतीहि असो, गांवच्या कुलकर्ण्याची किंवा पटवाऱ्याची वही मोडींतच राहिली. म्हणून ह्या जिल्ह्यांत एकाच जमिनीचा, एकाच कुळाचा माग दोन लिप्यांतून काढावा लागतो. गांवची मोडी आणि तालुक्याची उर्दू. पुणें-सातारा भागाच्या अभ्यासकास ही अडचण एवढी पडत नाहीं.

सन आणि तारीख हें दुसरें जंगल. मराठी कागदांत सुहूर सन येतो, आणि त्याचे आंकडे अरबी शब्दांनी, पण मोडी अक्षरांनी लिहिलेले. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. त्यांत ५९९ मिळविले कीं मृगापासून सुरू होणारें १७७३-७४ हें वर्ष येतें. निजामी कागदांत फसली सन, त्यांत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. चंद्राची तारीख सांगावयाची तर आंकड्यामागें नुसता 'छ'. परगण्यास 'प' पुढें दोन दंड, मुक्कामास 'मो', पत्र पोंचल्याच्या तारखेस 'पौ'. रुपयाचे पाव, अर्धा, पाऊण हे एक, दोन, तीन दंडांनी. लिहिणाराला ही संक्षेपाची संवय इतकी जडलेली होती कीं ज्या शब्दाची पानावर दहा वेळां पुनरुक्ति व्हावयाची तो शब्द तो एका अक्षरांत उरकी. म्हणूनच जातीच्या रकान्यांत 'कु' भेटतो. तो लपविण्यासाठीं लिहिलेला नाहीं, वेळ वांचविण्यासाठीं लिहिलेला आहे. समोरच्यास कळतेंच, ही त्यामागची खात्री. समोरचा बदलेल, हें त्याच्या स्वप्नींहि नव्हतें.

११७४ च्याच त्या सुहूर वर्षांत, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याबद्दलची 'ध चा मा' ही कथा मराठी घरांत कोणास ठाऊक नाहीं? राघोबादादांनी गारद्यांना 'धरावें' असें लिहून दिलें आणि आनंदीबाईंनी त्याचें 'मारावें' केलें. तो कागद आज कोणापाशीं नाहीं, आणि आनंदीबाईंवरील आरोप इतिहासकारांनी निर्विवाद मानलेला नाहीं. पण लोकांनी ही कथा इतकी चटकन् कां स्वीकारली, ह्याचें उत्तर मोडीच्या घडणींत आहे. एका अक्षराचा फेर करून माणसाचा जीव जाऊं शकतो, ही धास्ती ज्यांच्या वतनाचे, कर्जाचे आणि करारांचे कागद ह्या लिपींत होते त्या प्रत्येकाच्या मनांत होती. कथेनें त्या धास्तीला एक नांव आणि एक वाडा दिला. एका थोर घराण्यांतील स्त्रीच्या कपाळीं मात्र तो डाग कायमचा बसला.

मोडीचा उतार एका घावांत झाला नाहीं. लोखंडी टांक आला तेव्हां बोरूची जाड-बारीक रेघ गेली. हात अधिक घाईचा झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीची मोडी शिवकालीन मोडीपेक्षां वाचावयास कठीण, असा उलटा अनुभव येतो. मुंबई इलाख्यांत १९१७ च्या जुलै महिन्यांत सरकारी कामास बाळबोध मुख्य ठरविण्यांत आली. टंकलेखन यंत्र कचेऱ्यांत शिरलें, आणि त्याला सुटीं अक्षरें हवीं. तरीहि शाळांतून मोडी कांहीं दशकें शिकवीत होते, आणि व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावण्या व घरगुती पत्रें १९४० नंतरहि तींत लिहिलीं जात. धाराशिवाकडे हैदराबाद संस्थानची उर्दू शाळा आणि १९१८ चें उर्दू माध्यमाचें उस्मानिया विद्यापीठ. तेथें मराठीलाच जेमतेम जागा, तेथें मोडीला कोठली? ती घरांत आणि चावडींतच राहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें, १९५६ त मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, मराठी शाळा निघाल्या. पण तोंवर शाळांत शिकवावयाची लिपि एकच, ती म्हणजे बाळबोध. ज्या मुलखांत मोडी शाळेंत कधीं नीट शिकविलीच गेली नाहीं, तेथें ती म्हातारीं माणसें गेल्याबरोबर गेली.

नोव्हेंबर २०२३ च्या आरंभीं धाराशिवास कुणबी नोंदींवरून प्रमाणपत्रें देण्यास सुरुवात झाली, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजीं हैदराबाद गॅझेटियर ग्राह्य धरण्याचा शासननिर्णय निघाला. आरक्षणाच्या वादाचे गुणदोष येथें सांगावयाचे नाहींत. एवढें खरें कीं ह्या निमित्तानें मोडी वाचणाराला शंभर वर्षांत नव्हतें असें मोल आलें, आणि मोल आलें कीं घाई येते. पुराभिलेख खात्यानें भरविलेल्या दहापंधरा दिवसांच्या वर्गांत मुळाक्षरें येतात. परंतु छापील कित्त्यावर मुळाक्षरें येणें आणि कसरीनें खाल्लेल्या वहींतील एखाद्या पटवाऱ्याचा हात वाचणें ह्यांत फार अंतर आहे.

दरम्यान मोडीला एक नवें घर मिळालें. २०१४ त युनिकोडमध्यें मोडीची वर्णमाला दाखल झाली, आणि संगणकावर मोडीचे टंक निघाले. पाठोपाठ लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि मुलांच्या सदऱ्यांवर मोडी दिसूं लागली. हौसेला मोल नसतें. पण पाटी ही रस्त्यानें जाणाऱ्या अनोळख्यासाठीं असते, आणि अनोळख्यासाठीं मोडी कधींच नव्हती. केरींच्या खिळ्यांस जो दोष आला तोच संगणकाच्या टंकास येतो. अक्षर दर वेळीं तेंच, तसेंच. त्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. जुन्या कागदाचें छायाचित्र वर, त्याच ओळीची टंकांतील मोडी मध्यें आणि बाळबोध खालीं, अशी तीन पदरी मांडणी केली तर नवशिक्याला हाताचें वळण व मूळ अक्षर ह्यांतला फरक डोळ्यांनी दिसतो, आणि वाचन खरें कीं खोटें हें दुसऱ्यास तपासतांहि येतें. छायाचित्र बाजूस ठेवून नुसतें बाळबोध लिप्यंतर देणें म्हणजे साक्षीदार दूर ठेवून साक्ष वाचणें.

जाणता वाचक संशयाच्या अक्षरापासून कधींच आरंभ करीत नाहीं. तो आधीं त्या वहींतील गांवांचीं, नद्यांचीं, महिन्यांचीं नांवें वाचतो, कारण तीं आधींच ठाऊक असतात. त्यांवरून त्या पटवाऱ्याचा 'क' कसा, त्याचा उकार खालीं गांठ घेतो कीं नुसता डावीकडे लचकतो, 'र' चीं किती रूपें तो वापरतो, ह्याचा एक कित्ता तो वेगळ्या कागदावर उतरून घेतो. मग तेवढ्याच वर्षांतल्या चारपांच पानांवर तोच संक्षेप कोठें पुरा लिहिलेला सांपडतो का तें पाहतो. बहुधा वहीच्या पहिल्या पानावर किंवा नव्या वर्षाच्या आरंभीं, जेव्हां हात ताजा असतो, तेव्हां शब्द पुरा लिहिलेला असतो. तेथें 'कुणबी' असें स्पष्ट निघालें तर पुढच्या पानांवरील 'कु' उभा राहतो. तसें न निघाल्यास तो त्या गांवची तालुक्याची उर्दू नोंद मागवितो आणि उर्दू जाणणारास शेजारीं बसवून दोन्ही नांवें ताडून पाहतो. तरीहि उलगडा झाला नाहीं तर बाळबोध प्रतींत त्या जागीं प्रश्नचिन्ह घालून तो पुढची ओळ वाचावयास घेतो.